मानाचा क्रमांक: कॉलेज फुटबॉल संघात सन्मानाची जर्सी कशी द्यावी

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये जर्सीवरचा क्रमांक मुळात खेळाडूची ओळख पटावी एवढ्यासाठीच असतो. डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड चढले की मैदानावरची बावीस माणसे जवळजवळ सारखीच दिसू लागतात, आणि चेंडू कोणाच्या हातात आहे हे पंचांना, समालोचकांना आणि अगदी वरच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकांना त्या आकड्यावरूनच कळते. तरीही काही विद्यापीठांमध्ये एखादा आकडा या कामाच्या फार पुढे गेलेला आहे. लुइझियाना स्टेटमध्ये १८, टेक्सस ए अँड एममध्ये १२ आणि मिसिसिपी विद्यापीठात ३८ हे क्रमांक मागून मिळत नाहीत. ते संघाने द्यावे लागतात, आणि ज्याला ते मिळतात त्याचे नाव पुढे अनेक वर्षे त्या आकड्याबरोबरच घेतले जाते.

आपल्या संघात असा मानाचा क्रमांक सुरू करायचा असेल, किंवा आधीपासून असलेली पण ढिली पडलेली प्रथा पुन्हा नीट बसवायची असेल, तर काय करावे हे या लेखात सांगितले आहे. माझे एक मत सुरुवातीलाच स्पष्ट करतो. या सन्मानाचे वजन समारंभातून किंवा जर्सीच्या विक्रीतून येत नाही. ज्यांनी एखाद्या खेळाडूला रोज सरावात, वर्गात आणि लॉकर रूममध्ये पाहिले आहे त्या माणसांनी विचार करून त्याची निवड केली, यातून ते येते. बाकीची सगळी व्यवस्था ती निवड प्रामाणिक राहावी म्हणून करायची असते.

आधी गोष्ट, मग आकडा

पहिले काम म्हणजे संघाच्या आठवणींमध्ये शोध घेणे. "यंदापासून आपला मानाचा क्रमांक अमुक" असे बैठकीत ठरवून टाकलेला आकडा खेळाडूंच्या मनात रुजत नाही, कारण तो का, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे नसते. ज्या प्रथा टिकल्या त्या सगळ्यांच्या मुळाशी एक घडलेली गोष्ट आहे, आणि नव्या खेळाडूला ती दोन मिनिटांत सांगता येते.

टेक्सस ए अँड एमची गोष्ट घ्यावी. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलसमध्ये डिक्सी क्लासिक नावाचा सामना झाला. समोर सेंटर कॉलेजचा बलाढ्य संघ होता आणि ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जायबंदी होत होते. बास्केटबॉलसाठी फुटबॉल संघ सोडलेला ई. किंग गिल त्या दिवशी पत्रकारांच्या कक्षात बसून मैदानावरचे खेळाडू ओळखायला त्यांना मदत करत होता. प्रशिक्षक डेना बायबल यांनी त्याला खाली बोलावले. गिलने प्रेक्षकांच्या बाकांखाली उभे राहून जखमी सहकारी हाइनी वियरचा गणवेश अंगावर चढवला आणि सामना संपेपर्यंत तो मैदानाच्या कडेला तयार होऊन उभा राहिला. ए अँड एमने तो सामना २२-१४ असा जिंकला आणि गिलला मैदानात उतरावेच लागले नाही. "बारावा माणूस" ही कल्पना या उभे राहण्यातून निघाली. पुढे १९८३ मध्ये प्रशिक्षक जॅकी शेरिल यांनी शिष्यवृत्तीशिवाय खेळणाऱ्या विद्यार्थ्यांची, म्हणजे वॉक-ऑन खेळाडूंची, एक किकऑफ तुकडी, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून खेळ सुरू करणारी तुकडी, उभी केली. त्यांच्यानंतर आलेल्या आर. सी. स्लोकम यांनी तुकडीऐवजी एकाच वॉक-ऑन खेळाडूला १२ क्रमांक देण्याची पद्धत घातली. या गोष्टीत निकष आपोआपच सापडतो: ज्याला खेळायला मिळेल याची खात्री नाही आणि तरीही जो तयार राहतो, त्याचा हा क्रमांक आहे.

लुइझियाना स्टेटच्या १८ क्रमांकाची सुरुवात याहून साधी आहे. २००३ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू) मॅट मॉक १८ क्रमांकाची जर्सी घालत असे. त्याच्यानंतर ती रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या, जेकब हेस्टरकडे आली आणि २००७ च्या हंगामात त्यानेही राष्ट्रीय विजेतेपद पाहिले. चेंडू राखायला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते; त्या वर्षी फ्लोरिडाविरुद्ध चौथ्या प्रयत्नात अवघे एक-दोन यार्ड हवे असताना चेंडू पुन्हा पुन्हा हेस्टरच्या हाती दिला गेला, आणि शेवटचे सव्वा मिनिट राहिले असताना निर्णायक टचडाउनही (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) त्यानेच केला. दोघेही संघातले सर्वांत वेगवान किंवा सर्वांत गाजलेले खेळाडू नव्हते, पण सहकाऱ्यांचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा होता. प्रथा नंतर आली; आधी या दोन माणसांनी तो आकडा तसा वागवून दाखवला.

म्हणून आपल्या संघात शोध घेताना फक्त विक्रमांची यादी काढू नये. जुने प्रशिक्षक, साहित्य सांभाळणारे कर्मचारी आणि वीस-तीस वर्षांपूर्वी खेळलेले माजी विद्यार्थी यांना विचारावे की संघाचे नाव घेतल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर कोण येतो. तीन-चार वेगवेगळ्या पिढ्यांतली माणसे एकच नाव किंवा एकच प्रसंग सांगू लागली, तर आपला क्रमांक सापडला असे समजावे. तसे काही सापडले नाही, तर दोन-चार वर्षे थांबावे. घाईने उभी केलेली प्रथा मागे घेणे फार अवघड जाते.

निवृत्त करावा की पाठीवर ठेवावा

गोष्ट सापडली की पहिला वाद हाच होतो. थोर खेळाडूचा क्रमांक कायमचा निवृत्त करावा, की दरवर्षी योग्य खेळाडूला घालायला द्यावा? दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे बोलत असतात, त्यामुळे या चर्चेला पुरेसा वेळ द्यावा.

सिराक्यूज विद्यापीठाचा ४४ क्रमांक जिम ब्राउन, एर्नी डेव्हिस आणि फ्लॉइड लिटल यांनी घातला. १९६१ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन करंडक मिळवणारा डेव्हिस हा तो करंडक जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला, आणि त्यानंतर दोनच वर्षांत रक्ताच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. अनेक वर्षे ४४ हा क्रमांक एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला आणि २००५ मध्ये विद्यापीठाने तो समारंभपूर्वक निवृत्त केला. रटगर्सने एरिक लग्रँडचा ५२ क्रमांक २०१३ मध्ये निवृत्त केला. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये एका किकऑफवर टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडताना, झालेल्या दुखापतीने लग्रँडच्या शरीराची हालचाल गेली होती. हा रटगर्सच्या फुटबॉलमधला पहिलाच निवृत्त क्रमांक होता. अशा ठिकाणी निवृत्तीचा मान शोभतो, कारण त्या जागी दुसऱ्या कोणाला उभे करावे असे कोणालाच वाटत नाही.

पण निवृत्तीला एक मर्यादा आहे, आणि ती निव्वळ हिशेबाची आहे. क्रमांक ० ते ९९ एवढेच असतात आणि कॉलेजच्या संघात शंभराहून जास्त खेळाडू असू शकतात. अलाबामासारखे विद्यापीठ इतकी विजेतेपदे मिळवूनही कोणाचाच क्रमांक निवृत्त करत नाही, त्यामागची अडचण यावरून समजते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. भिंतीवर टांगलेली जर्सी अठरा वर्षांच्या मुलाशी फारसे बोलत नाही. त्याच्या शेजारच्या लॉकरमध्ये ती जर्सी घालणारा सहकारी असेल, तर मात्र तो तिच्याबद्दल स्वतःहून विचारतो.

मिसिसिपी विद्यापीठाने ही ओढाताण प्रत्यक्ष अनुभवली. २८ ऑक्टोबर १९८९ रोजी व्हँडरबिल्टविरुद्धच्या सामन्यात ३८ क्रमांकाचा बचावपटू चकी मलिन्स पास झेलणाऱ्या ब्रॅड गेन्सवर पाठीमागून धडकला. त्या धडकेत त्याच्या मानेचे मणके मोडले आणि हातापायांची हालचाल गेली. तरीही तो वर्गात परतला. ६ मे १९९१ रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या हयातीतच, १९९० मध्ये, त्याच्या नावाने धैर्याचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान ख्रिस मिचेलला मिळाला. वसंत ऋतूच्या सरावकाळात निवडलेला बचाव फळीतला ज्येष्ठ खेळाडू पुढच्या हंगामात ३८ क्रमांक घालतो, अशी ती पद्धत होती. २००६ मध्ये विद्यापीठाने क्रमांक निवृत्त केला आणि पुरस्कार मिळालेल्या खेळाडूला ३८ चे फक्त चिन्ह जर्सीवर लावायला दिले. काही वर्षांनी निर्णय बदलला आणि ३८ पुन्हा खेळाडूच्या पाठीवर आला. मला हा बदल योग्य वाटतो. मलिन्सची आठवण तो क्रमांक घालून टॅकल करणाऱ्या मुलांनीच जिवंत ठेवली होती.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी वाटा आहेत. ओहायो स्टेटचा बिल विलिस १९४२ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात होता, आणि १९४६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधली वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या मोजक्या खेळाडूंमध्येही तो होता. त्याचा ९९ क्रमांक विद्यापीठाने २००७ मध्ये निवृत्त केला. २०२० मध्ये नियमात ० क्रमांकाला परवानगी मिळाल्यावर विलिसच्या सन्मानार्थ "ब्लॉक ओ" नावाची ० क्रमांकाची जर्सी सुरू झाली आणि ती पहिल्यांदा जॉनथन कूपरला मिळाली. म्हणजे मूळ आकडा भिंतीवर सुरक्षित राहिला आणि त्यामागची भावना दुसऱ्या आकड्याने मैदानावर आणली. ॲरिझोना स्टेटने पॅट टिलमनचा ४२ क्रमांक सामन्यांसाठी बंद ठेवला, पण सरावात त्याच्या आद्याक्षरांची जर्सी मेहनती खेळाडूंना देण्याची पद्धत घातली. टिलमन व्यावसायिक फुटबॉल सोडून सैन्यात गेला होता आणि २००४ मध्ये अफगाणिस्तानात मारला गेला. निवृत्त क्रमांकाला हात लावायचा नसेल, तर यांपैकी एखादी वाट धरावी.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. मिशिगनने २०११ मध्ये डेस्मंड हॉवर्डच्या २१ क्रमांकापासून "लेजंड्स" नावाची योजना सुरू केली. पुढच्या दोन वर्षांत ११, ४७, ४८, ८७ आणि ९८ हे निवृत्त क्रमांकही पुन्हा वापरात आणले. ४८ हा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेराल्ड फोर्डचा, तर ९८ हा १९४० चा हाइझमन विजेता टॉम हार्मनचा क्रमांक होता. हेतू चांगला होता, आणि २०१३ मध्ये डेव्हिन गार्डनरने ९८ क्रमांक घालून नोत्र दामला हरवले तो दिवस संस्मरणीयच होता. पण २०१५ मध्ये योजना गुंडाळली गेली आणि ते क्रमांक पुन्हा निवृत्त झाले. माझ्या मते एकाच वेळी सहा मानाचे क्रमांक कोणत्याही संघाला पेलत नाहीत. खेळाडूंचे आकडे कारकिर्दीच्या मध्येच बदलत राहतात आणि प्रेक्षकाला कोण कोणाच्या नावाने खेळतो हे लक्षात ठेवावे लागते. सुरुवात एकाच क्रमांकाने करावी.

नियमपुस्तक उघडून पाहावे

हा भाग रुक्ष आहे, पण तो चुकला तर सन्मान मिळालेला खेळाडू मैदानावर अडचणीत येतो. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या नियमांनुसार क्रमांक ० ते ९९ यांपैकीच असावा लागतो, आणि ०७ किंवा ०० अशी आकड्याआधी शून्य लावलेली रचना चालत नाही. आकडा समोर किमान ८ इंच आणि पाठीवर किमान १० इंच उंच असावा लागतो आणि जर्सीच्या रंगावर तो उठून दिसावा लागतो. एका संघात एकच क्रमांक जास्तीत जास्त दोन खेळाडूंना देता येतो, पण ते दोघे एकाच खेळीत मैदानावर असता कामा नयेत.

खरा पेच ५० ते ७९ या पट्ट्यात आहे. नेहमीच्या रचनेत आक्रमक फळीच्या रेषेवर या पट्ट्यातले किमान पाच खेळाडू असावे लागतात आणि त्यांना पुढे फेकलेला पास झेलता येत नाही. त्यामुळे मानाचा क्रमांक १८ असेल, तर तो सेंटर किंवा गार्डला, म्हणजे त्या रेषेच्या मधल्या खेळाडूंना, सामन्यात घालता येत नाही. उलट तो ५५ असेल, तर रिसीव्हर (पास झेलणारे) आणि रनिंग बॅक आपोआप वगळले जातात. बचाव फळीला असे बंधन नाही, म्हणून साउदर्न कॅलिफोर्नियाचा ५५ क्रमांक ज्युनियर सेऊ, विली मॅकगिनेस्ट, ख्रिस क्लेबोर्न आणि कीथ रिव्हर्स अशा बचावपटूंच्या ओळीतून पुढे जाऊ शकला. आपला क्रमांक सगळ्या जागांच्या खेळाडूंसाठी खुला ठेवायचा असेल, तर निवड जाहीर होण्याआधीच लाइनमनसाठी (रेषेवरच्या खेळाडूंसाठी) पर्यायी चिन्ह ठरवून ठेवावे.

लुइझियाना स्टेटने २०१९ मध्ये हेच केले. त्या वर्षी १८ चा मान दोघांना मिळाला. बचावातल्या लाइनबॅकर केलॅव्हॉन चेसनने प्रत्यक्ष १८ क्रमांक घातला, तर सेंटर लॉइड कुशनबेरी आपल्या ७९ क्रमांकाच्या जर्सीवर १८ चे छोटे चिन्ह शिवून खेळला. तो संघ १५-० असा अपराजित राहून राष्ट्रीय विजेता झाला. दर खेळीला सगळ्यात आधी चेंडूला हात लावणाऱ्या, पण टेलिव्हिजनवर क्वचितच दिसणाऱ्या खेळाडूच्या छातीवर तो आकडा आला, ही गोष्ट मला या साऱ्या प्रथेतली फार सुंदर वाटते.

दोन मानकऱ्यांनी खरोखरच एकच आकडा घालायचा असेल, तर एक आक्रमणातला आणि एक बचावातला असावा. तरीही पंट आणि किकऑफच्या तुकड्यांमध्ये दोघे एकत्र येऊ शकतात. म्हणून या तुकड्यांच्या, म्हणजे स्पेशल टीम्सच्या, प्रशिक्षकाला याची लेखी कल्पना द्यावी. दोन १८ एकाच वेळी मैदानावर आले, तर यार्डांचा दंड संघालाच भरावा लागतो.

निकष लिहून काढावेत

"संघाचे प्रतिनिधित्व करणारा खेळाडू" एवढे म्हणून भागत नाही, कारण हे वाक्य कोणालाही लावता येते. निकष एका छोट्या परिच्छेदात मावतील इतके मोजके आणि तपासता येतील इतके स्पष्ट असावेत. नमुना म्हणून असा मसुदा करता येईल: "हा क्रमांक किमान दोन हंगाम संघात राहिलेल्या, अभ्यासात पात्र असलेल्या आणि हंगामाबाहेरच्या सरावात सातत्य दाखवलेल्या खेळाडूला दिला जाईल. त्याची जागा, त्याचे विक्रम किंवा तो सुरुवातीच्या अकरा खेळाडूंमध्ये आहे का, याचा विचार केला जाणार नाही. नव्या खेळाडूंना त्याने कशी मदत केली याचे किमान एक प्रत्यक्ष उदाहरण शिफारस करणाऱ्याने द्यावे."

यातली शेवटची अट मी आग्रहाने सुचवतो. उदाहरण मागितले की शिफारसपत्रातली भारदस्त विशेषणे गळून पडतात आणि खरी माहिती पुढे येते: कोण पहाटेच्या व्यायामाला सगळ्यांत आधी येतो, सामन्यात एक मिनिटही न मिळालेला कोण दुसऱ्या दिवशी त्याच जोमाने सराव करतो, कोण घाबरलेल्या नवख्या खेळाडूला खेळींची वही समजावत बसतो.

विक्रम आणि मान यांची गल्लत होऊ देऊ नये. उत्कृष्ट खेळासाठी पुरस्कार पुष्कळ आहेत. एखाद्या जागेवरच्या गुणी खेळाडूंमधून चालत आलेला आकडा ही वेगळी आणि तितकीच चांगली प्रथा आहे. लुइझियाना स्टेटमध्येच ७ क्रमांक पॅट्रिक पीटरसन, टायरन मॅथ्यू, लेनर्ड फोर्नेट अशा असामान्य खेळाडूंकडे जात राहिला, आणि मिशिगनचा १ क्रमांक अँथनी कार्टरपासून ब्रेलॉन एडवर्ड्सपर्यंत रिसीव्हरांचा मानला गेला. आपला क्रमांक कोणत्या प्रकारचा आहे हे आधीच ठरवावे आणि त्याला धरून राहावे.

निवड कोणी आणि केव्हा करावी

माझ्या मते सगळ्यांत चांगली पद्धत दोन टप्प्यांची आहे. आधी खेळाडूंनी गुप्त मतदानाने तीन नावे सुचवावीत आणि मग प्रशिक्षकांनी त्यातून एक ठरवावे. फक्त प्रशिक्षकांनी निवडले, तर निवड त्यांच्या आवडत्या खेळाडूंकडे झुकते. फक्त मतदान घेतले, तर संघातले गट आणि मैत्री आड येतात. अंतिम चर्चेत साहित्य विभागातला, वैद्यकीय विभागातला आणि अभ्यासाची जबाबदारी असलेला असे तीन कर्मचारी अवश्य बसवावेत. खेळाडू प्रशिक्षकासमोर नीट वागतो यात नवल नाही. घामाने भिजलेली जर्सी टोपलीत टाकतो की जमिनीवर फेकतो, हे साहित्य विभागातल्या माणसालाच माहीत असते.

मागच्या वर्षीच्या मानकऱ्याचे मत घ्यावे, पण त्याला नकाराधिकार देऊ नये. क्रीडा विभागाचे देणगीदार आणि विपणन विभाग यांना निवडीपासून पूर्णपणे दूर ठेवावे. या बाबतीत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही.

वेळेबाबत दोन पर्याय आहेत: वसंत ऋतूतला सरावकाळ किंवा ऑगस्टमधले शिबिर. वसंतात निवड केली तर खेळाडूला उन्हाळाभर नेतृत्वाची सवय होते. ऑगस्टमध्ये केली तर उन्हाळ्यातली मेहनतही पाहता येते. काहीही ठरवले तरी साहित्य व्यवस्थापकाला किमान काही आठवडे हाताशी असावेत. घरच्या, बाहेरच्या आणि खास सामन्यांच्या जर्सी नव्याने कराव्या लागतात, नावाच्या पट्ट्या शिवाव्या लागतात आणि छापील खेळाडू-यादी व आकडेवारीच्या नोंदी बदलाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट. मानाचा क्रमांक देण्याचे आश्वासन शाळेतल्या खेळाडूला विद्यापीठात आणताना कधीही देऊ नये. सही करण्याच्या बदल्यात दिलेला आकडा म्हणजे व्यवहार होतो, आणि तीन वर्षे राबलेल्या ज्येष्ठ खेळाडूंना ते लगेच समजते.

मुदत किती असावी

फ्रँक बीमर यांनी व्हर्जिनिया टेकचे १९८७ ते २०१५ अशी २९ वर्षे प्रशिक्षण केले आणि त्यांचे संघ स्पेशल टीम्ससाठी, विशेषतः किक अडवण्यासाठी, ओळखले गेले. खेळाडू म्हणून त्यांनी त्याच विद्यापीठात २५ क्रमांक घातला होता. २०१६ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या जस्टिन फ्युएंटे यांनी स्पेशल टीम्समध्ये चमकलेल्या खेळाडूला दर आठवड्याला २५ क्रमांक घालायला देण्याची पद्धत सुरू केली. आठवड्याची मुदत अशा कामाला शोभते, कारण किकऑफवर धावत जाणाऱ्या अनेकांना आपला वाटा मिळतो. मात्र साहित्य विभागाला दर आठवड्याला नवी नावाची पट्टी शिवावी लागते, ही तयारी ठेवावी.

चारित्र्य आणि नेतृत्व यांसाठीच्या क्रमांकाला पूर्ण हंगामाची मुदत द्यावी. पदवी मिळेपर्यंत देण्याचे टाळावे. २०१८ पासून बदलीसाठीचे पोर्टल सुरू झाल्यावर खेळाडूंना विद्यापीठ बदलणे सोपे झाले आहे. दुसऱ्या वर्षाला दिलेला मान तिसऱ्या वर्षी दुसऱ्या राज्यात गेला, तर संघालाही वाईट वाटते आणि त्या मुलालाही अवघडल्यासारखे होते.

क्रमांक बदलण्याच्या परिणामाबद्दल खेळाडूशी आधी मोकळेपणाने बोलावे. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येतात, आणि अनेकांनी आपल्या आकड्याभोवती ओळख उभी केलेली असते. लुइझियाना स्टेटच्या ट्रेडेव्हियस व्हाइटने शेवटच्या वर्षासाठी परत येऊन १६ सोडला आणि १८ घेतला, तेव्हा ही बाब नव्हती. आज ती आहे. खेळाडूने आदराने नकार दिला, तर त्याच्याविरुद्ध मनात काही धरू नये.

कुटुंब आणि नाव

क्रमांक एखाद्या दिवंगत किंवा जायबंदी खेळाडूच्या नावाने असेल, तर पहिला फोन त्याच्या कुटुंबाला करावा, आणि तोही निर्णय झाल्यावर नव्हे, विचार सुरू असतानाच. नाव, छायाचित्र आणि चिन्ह कुठे वापरले जाईल, त्याच्या वस्तू विकल्या जातील का, आणि विकल्या गेल्या तर पैसे कुठे जातील, हे लेखी ठरवावे. दरवर्षी जर्सी देताना त्यांना बोलावावे, पण येण्याचा आग्रह करू नये. काहींना त्या मैदानात पुन्हा येणे सोसवत नाही.

प्रथेला नाव देताना ते दुसऱ्या कोणाचे नोंदलेले व्यापारचिन्ह नाही ना, हेही विद्यापीठाच्या वकिलांकडून पाहून घ्यावे. "बारावा माणूस" या इंग्रजी शब्दप्रयोगाची नोंद टेक्सस ए अँड एमकडे आहे, आणि त्यावरून त्यांनी २००६ मध्ये सिएटलच्या व्यावसायिक संघाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली होती.

जर्सी देण्याचा क्षण

ती आधी संघाच्या खोलीत द्यावी, कॅमेऱ्यांसमोर नंतर. सगळे बसलेले असताना मागच्या मानकऱ्याने मूळ गोष्ट सांगावी, नाव घ्यावे आणि जर्सी हातात ठेवावी. दहा मिनिटे पुरतात. निवड योग्य असेल, तर टाळ्या कशा वाजतात त्यावरूनच ते कळते. खोलीत एकच क्षण शांतता पसरली आणि मग बेतास बात टाळ्या आल्या, तर पुढच्या वर्षी निवडीची पद्धत तपासून पाहावी.

या सन्मानाचे फळ कधी मिळेल ते सांगता येत नाही. ओहायो स्टेटच्या कॅमरिन बॅबने गुडघ्याच्या मुख्य अस्थिबंधाच्या चार दुखापती सोसल्या होत्या. २०२२ मध्ये कर्णधार म्हणून त्याला ० क्रमांक मिळाला तेव्हा त्याच्या नावावर कॉलेज कारकिर्दीतला एकही झेल नव्हता. त्या नोव्हेंबरमध्ये इंडियानाविरुद्ध सामना हातात आलेला असताना क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडने शेवटच्या टप्प्यात त्याच्याकडे पास फेकला. बॅबने तो शेवटच्या रेषेपलीकडे झेलला आणि तिथेच गुडघे टेकले, आणि सगळा संघ त्याच्याभोवती गोळा झाला. आकडेवारीत तो एक टचडाउन आहे. ज्यांनी त्याला ती जर्सी दिली होती त्यांना आपली निवड बरोबर होती हे त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. हंगामाअखेरच्या गेटर बोल सामन्यात टेक्सस ए अँड एमच्या कलन गिलॅस्पियाने १२ क्रमांक घालून टचडाउन केला, तेव्हाही बाकांवरचे सहकारी असेच उसळून उठले होते.

अडचणीचे प्रसंग आधीच ठरवून ठेवावेत

मानकरी हंगामाच्या सुरुवातीलाच जखमी झाला तर क्रमांक त्याच्याकडेच राहावा आणि प्रवासात, सरावात त्याने तीच जर्सी घालावी. गंभीर गैरवर्तन घडले तर निर्णय मुख्य प्रशिक्षकाने एकट्याने न घेता निवड करणाऱ्या मंडळानेच घ्यावा. चौकशी पूर्ण होईपर्यंत घाईने जाहीर निवेदन काढू नये, कारण आरोप चुकीचे निघाले तरी काढून घेतलेली जर्सी त्या मुलाला पूर्वीसारखी परत देता येत नाही.

योग्य खेळाडू नसेल त्या वर्षी क्रमांक रिकामा ठेवावा. प्रशिक्षक बदलल्यावर पहिल्या वर्षी हा प्रश्न हमखास येतो, कारण नव्या माणसाला खेळाडू माहीत नसतात. तेव्हा निर्णय पूर्णपणे ज्येष्ठ खेळाडूंच्या मतदानावर सोडावा.

नोंदवही

एक जाड बांधणीची वही ठेवावी आणि तिच्या पहिल्या पानावर मूळ गोष्ट लिहावी. त्यानंतर प्रत्येक मानकऱ्यासाठी एक पान असावे: वर्ष, नाव, जागा, आधीचा क्रमांक, शिफारस करणाऱ्याने दिलेले उदाहरण जसेच्या तसे, आणि खाली खेळाडूने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चार ओळी. संगणकावर प्रत ठेवावीच, पण वही साहित्य विभागाच्या खोलीत, खेळाडूंच्या हाताला लागेल अशा जागी ठेवावी.

शेवटच्या सामन्यानंतर एक जर्सी न धुता खेळाडूला द्यावी आणि एक विद्यापीठाच्या संग्रहात जमा करावी. चिन्ह लावून खेळलेल्या लाइनमनच्या बाबतीत ते चिन्ह उसवून वेगळे काढू नये. ती जर्सी गवताच्या डागांसह, चिन्हासकट तशीच जपावी. पुढच्या मानकऱ्याची मापे घेण्याच्या दिवशी ती वही आणि ती जर्सी दोन्ही टेबलावर ठेवावीत.